भंगारात जाणारा पुरावा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : छोट्या मालवाहू (पिकअप) गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन अकाली निकामी होण्याच्या प्रकारांची सरकारदप्तरी नोंद होण्याबाबत.

महोदय,



रस्ता आणि त्या रस्त्यावर धावणारे वाहन ह्या दोहोंचा कारभार ज्या एका खात्याच्या दप्तरी आहे, त्या खात्याचे आपण प्रमुख आहात. आणि केवळ ह्याच कारणास्तव प्रस्तुतचे पत्र महापालिकेच्या आयुक्तांस, परिवहन अधिकाऱ्यांस अथवा एखाद्या कारखानदारास न लिहिता आपणांस लिहिण्याचे योजिले आहे. ज्या तक्रारीविषयी मला लिहावयाचे आहे, तिचे आजवरचे दुर्दैव असे की, गाडीवाल्याने ती कारखानदाराच्या दारी नेली तर त्यास रस्त्याकडे बोट दाखविण्यात येते, रस्त्याच्या धन्याकडे नेली तर गाडीकडे व गाडीतील ओझ्याकडे बोट दाखविण्यात येते, आणि विमा कंपनीकडे नेली तर झीज व यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाहीत, एवढे सांगून तिची बोळवण करण्यात येते. आपल्या मंत्रालयास मात्र ही पळवाट मोकळी नाही. कारण मोटार वाहन अधिनियम आणि राष्ट्रीय महामार्ग हे दोन्ही विषय अखेर आपल्याच टेबलावर येतात.

मीरा-भाईंदर हे आमचे शहर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधोमध मिठागरे व खारफुटी अशा अडचणीच्या जागेत वाढले आणि २००२ साली महानगरपालिकेच्या दर्जास पोचले. एवढ्या दाट वस्तीच्या गावातून माल बाहेर काढावयाचा तर वाटा मोजक्याच आहेत : काशीमिऱ्यावरून एका दिशेस दहिसरकडे व दुसऱ्या दिशेस वरसावे पुलाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, ज्यास जुनी ड्रायव्हर मंडळी अद्यापि आठ नंबरच म्हणतात, आणि गायमुखचा चढ ओलांडून ठाण्यास पोचविणारा घोडबंदर रस्ता. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी बर्फाच्या पेट्यांत भरून पहाटेच्या बाजारास पोचवावयाची, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत तयार झालेली स्टीलची भांडी गोदामांत नेऊन टाकावयाची, वाशीच्या बाजारातून कांदे-बटाटे आणि भाजी आणावयाची, आणि उरलेल्या वेळात कोणाचे तरी बिऱ्हाड हलवावयाचे, ही सारी कामे जी गाडी करते ती पिकअप. २००५ साली टाटांची 'एस' बाजारात आली आणि लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे करून टाकले. तिच्याखेरीज बोलेरो पिकअप, दोस्त, इंट्रा अशा नाना नावांच्या गाड्या आहेत. परंतु ज्यांच्या दाराशी त्या उभ्या असतात त्यांच्या लेखी नावाला फारसे महत्त्व नाही. कर्ज काढून घेतलेली, हप्ता बांधलेली आणि एक दिवस उभी राहिली की घरचा हिशेब चुकविणारी वस्तू, हीच तिची खरी ओळख.

ह्या गाड्यांच्या पुढच्या अंगाची रचना सर्वत्र सारखी नसते. काहींत ताठ आसावर पाटे बसविलेले असतात. काहींत प्रत्येक चाक वरच्या व खालच्या आर्मवर स्वतंत्रपणे वरखाली होते, आणि त्या आर्मला चाकाशी जोडणारा जो सांधा, तो बॉल जॉइंट. पोलादी गोळा वाटीत फिरतो, वाटीत ग्रीस असते आणि वरून रबराची टोपी ते ग्रीस आत व पाणी बाहेर राखते. काशीमिऱ्याच्या परिसरातील कोणत्याही गॅरेजात हा सांधा तपासण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कारागीर पुढचे चाक जॅकवर उचलतो, चाकाखाली टॉमी घालून वर रेटा देतो, आणि चाक खडकन् वर उचलले गेले की दुसरा शब्द न बोलता 'प्ले आलाय' एवढे सांगून पान्याकडे हात नेतो. टोपी फाटलेली असते. ग्रीसच्या जागी तांबूस, गंजलेले पाणी ओघळते. आणि गोळ्याच्या अंगावर ज्या बाजूने भार आला त्या बाजूने घासल्याचा चकाकता पट्टा उमटलेला दिसतो. गाडी डावीकडे ओढते, टायर एका कडेने खाल्ला जातो, स्टिअरिंग थरथरते, ही त्याची आगाऊ लक्षणे. ती ओळखली गेली नाहीत तर एखाद्या खड्ड्यात गोळा वाटीतून निसटतो, चाक आत मुडपते आणि गाडी जागच्या जागी बसते. हा प्रकार भाजी मंडईच्या दारात घडला तर नुकसान पैशाचे. महामार्गावर घडला तर ते कोणाच्या जिवावर बेतेल ह्याचा नेम नाही.

कोणताही सांधा कधी ना कधी झिजणारच, हे आम्ही गाडीवाले जाणतो, आणि झीज झाली म्हणून कोणी फिर्याद घेऊन उठत नाही. फिर्याद आहे ती अकाली झिजेची, आणि त्याहूनही अधिक, त्या झिजेचे कारण कोणीच लिहून देत नाही ह्याची. आमच्या घरच्या पिकअपचा डावा खालचा बॉल जॉइंट वॉरंटीची मुदत शिल्लक असतानाच गेला, तेव्हा एका अधिकृत कार्यशाळेत, जिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, तोंडी सांगण्यात आले की गाडी ओव्हरलोड चालली असली पाहिजे. कारण लेखी मागितले, तर जॉबकार्डावर 'ग्राहकाच्या तक्रारीनुसार भाग बदलला' इतकाच शेरा मिळाला. जुना भाग परत मागितला, तर तो देण्याची पद्धत नाही असे उत्तर आले. पैसे भरून गाडी सोडवून आणली. माझ्या ओळखीच्या वाहनधारकांपैकी ज्यांनी अधिकृत कार्यशाळेचा रस्ता न धरता नाक्यावरच्या गॅरेजात काम करून घेतले, त्यांचे तुटके भाग तर त्याच संध्याकाळी किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. ज्या वस्तूने खरे-खोटे सांगितले असते, ती वस्तूच अशा रीतीने नाहीशी होते, आणि मागे उरतो तो केवळ शब्दाविरुद्ध शब्द.

आता आमच्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा निःपक्षपाती विचार व्हावा अशी माझी इच्छा आहे, आणि त्याचा प्रारंभ आमच्या बाजूच्या दोषापासूनच करणे उचित होईल. पिकअपवर क्षमतेपेक्षा अधिक माल चढविला जातो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. भाडे खेपेवर ठरते, वजनावर नव्हे. व्यापारी दोन खेपांचे पैसे देण्यास राजी नसतो. आणि हप्त्याची तारीख समोर असलेला मालक नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. अधिनियमाच्या कलम १९४ अन्वये ह्या अपराधास २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये असा दंड आहे, आणि तो रास्तच आहे. परंतु ओझ्याचा बहुतांश भार ह्या गाड्यांत मागच्या आसावर पडतो. मागचे पाटे चेपले वा मोडले तर ओव्हरलोडचे निदान सहज पटण्यासारखे आहे, मात्र मागचे पाटे धडधाकट असताना पुढचा सांधाच तेवढा वाटीतून सुटला, तर तेच निदान तपासणीवाचून स्वीकारावे काय? जोरदार ब्रेक लागला की भार पुढे झेपावतो हे खरे. मग तेही पाहावे, मोजावे आणि लिहावे. न पाहता केलेल्या निदानास वैद्यकात जे स्थान आहे, त्याहून वरचे स्थान यंत्रशास्त्रात असण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप रस्त्याचा, आणि तो कारखानदार मोठ्या खुशीने घेतात. कारण रस्ता त्यांचा नसतो. पावसाळ्यातील खड्डे, मेट्रोच्या कामासाठी खणलेले व वरवर बुजविलेले पट्टे, जागोजागी खचलेले पेव्हर ब्लॉक, वरसाव्यापासून गुजरातच्या हद्दीपर्यंत महामार्गावर सिमेंटचा थर देण्याचे काम चालले असता जुन्या व नव्या थरांमध्ये पडलेल्या पायऱ्या, हे सारे आमच्या नित्याच्या परिचयाचे आहे. गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. गल्लीतोंडी रातोरात उभ्या राहणाऱ्या डांबराच्या वरवंट्यांस हे मानक कोणी वाचून दाखविलेले नाही. उत्तनकडील गाड्यांस ह्याखेरीज खाऱ्या हवेचा आणि मासळीच्या पेट्यांतून पाझरणाऱ्या खाऱ्या पाण्याचा जाच असतो, आणि लोखंडास मीठ काय करते हे मिठागरांच्या ह्या गावास नव्याने सांगावयास नको. तथापि, रस्ता हे कारण ठरले तरी प्रश्न संपत नाही, तो तेथून सुरू होतो; कारण रस्त्यासही धनी असतो. एकाच खेपेत आमची गाडी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या, राज्य सरकारच्या आणि महापालिकेच्या ताब्यातील रस्त्यांवरून जाते, आणि सांधा नेमक्या कोणाच्या हद्दीत दुखावला हे सांगण्याची सोय ना गाडीवाल्याकडे आहे ना त्या तीन खात्यांपैकी कोणाकडे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये असा आदेश दिला आहे की, खड्ड्यांमुळे मृत्यू ओढवल्यास वारसांस ६ लाख रुपये आणि जखमींस दुखापतीच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळावी. मनुष्यहानीपुरती का होईना, रस्त्याच्या धन्याची जबाबदारी ह्यायोगे अंकांत मांडली गेली. वाहनाच्या हानीचे खाते मात्र अद्यापि कोरेच आहे.

तिसरी बाजू स्वतः कारखानदाराची. ज्या देशात गाडी विकावयाची त्या देशाचे रस्ते, हवा आणि माल वाहण्याच्या चाली ह्यांचा अंदाज घेऊनच ती घडवावी लागते, आणि आमचे रस्ते कसे आहेत हे जाहिरात करणारांस ठाऊक नसते असे म्हणता येत नाही. कारण त्या जाहिरातींत हीच गाडी ओढे-नाले तुडवीत आणि डोंगर चढत जाताना दाखविलेली असते. विकताना जो रस्ता गाडीच्या पराक्रमाचा साक्षीदार असतो, तोच दुरुस्तीच्या वेळी तिच्या अपयशाचा आरोपी व्हावा, हा न्याय विलक्षण आहे. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, दोष आढळल्यावर तो स्वतःहून मान्य करण्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. महिंद्र कंपनीने २०२१ साली आपल्या २९,८७८ पिकअप गाड्या एका द्रवनलिकेच्या जोडणीबाबत शंका आल्यावरून तपासणीसाठी बोलाविल्या होत्या. अशा कृतीने कंपनीची पत घटत नाही, वाढते. परंतु सद्‌बुद्धी सुचेल तेव्हाच न्याय, ही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था आपल्याच कारकिर्दीत कायद्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ११०अ दाखल झाले, आणि सदोष वाहने परत बोलाविण्याचा हुकूम कारखानदारास देण्याचा अधिकार केंद्र सरकारास प्राप्त झाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अंमलात आले, सात वर्षांपर्यंतच्या वयाची वाहने त्यांच्या कक्षेत आली आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तजवीज झाली. ह्या कलमात वाहनमालकांच्या तक्रारींची ठराविक टक्केवारी भरणे हा एक मार्ग सांगितला आहे. परंतु चाचणी संस्थेचा अहवाल आणि अन्य कोणतेही साधन हे मार्गही तेथेच खुले ठेवले आहेत. व्यवहारात काय घडते? पहाटे तीनला उठून उत्तनला गाडी लावणारा मालक संकेतस्थळावर जाऊन, चासी नंबर भरून, दोषाचे वर्णन करून तक्रार नोंदवील, ही अपेक्षा कागदावर शोभते. तो गाडी दुरुस्त करून घेतो आणि पुढच्या खेपेस निघतो. अशा हजारो गप्प राहिलेल्या माणसांच्या मौनाचा अर्थ सरकारदप्तरी 'तक्रार नाही' असा लागतो. ग्राहक म्हणून दाद मागावयास जावे, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारास ग्राहक मानीत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी घेतली असेल तर त्यात सवलत आहे खरी, परंतु जोडीला दुसरी गाडी घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवला की आपण व्यापारी झालो की काय, ह्या वादातच तारखा पडत राहतात.

झिजेचा दोष वापरणाराच्या माथी मारून मोकळे होण्याचे फळ काय असते, ह्याचा दाखला जपानने दिला आहे. जानेवारी २००२ मध्ये योकोहामा शहरात मित्सुबिशीच्या एका अवजड ट्रकचे पुढचे चाक निखळून रस्त्याने मुलांसह चाललेल्या एका तरुण मातेवर आदळले आणि तिचा प्राण गेला. चाकाचा हब मोडला होता. मालकाने नीट देखभाल केली नाही, असे कंपनी दोन वर्षे सांगत राहिली. २००४ साली तिला हबच सदोष असल्याचे कबूल करावे लागले, लाखावर वाहने परत बोलवावी लागली आणि पुढे जबाबदार अधिकाऱ्यांस न्यायालयात शिक्षा झाली. ह्याच्या उलट अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यापासून तक्रारींची नोंद ठेवण्याची व त्यांवरून चौकशी करण्याची रीत रुळली आहे. आणि मे २००५ मध्ये टोयोटाने टॅकोमा व टुंड्रा ह्या पिकअप गाड्यांसह साडेसात लाखांहून अधिक वाहने जी परत बोलाविली, ती नेमकी खालच्या बॉल जॉइंटच्या घडणीतील दोषापायीच. पुढे २००७ मध्ये त्याच सांध्यासाठी आणखी पाच लाखांहून अधिक वाहनांची पाळी आली. आमच्या गाड्यांत तोच दोष आहे असे माझे म्हणणे नाही. नोंद असली म्हणजे दोष आहे की नाही हे ठरविता येते, आणि नोंद नसली म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे ठरतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

इंधनावर कर बसवून त्याचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा, ही कल्पना ह्या देशात ज्या समितीने १९२८ साली मांडली तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते. त्या शिफारशीतून रस्ते निधी उभा राहिला आणि आज पेट्रोल-डिझेलवरील उपकराच्या रूपाने तो चालू आहे. म्हणजे जो पिकअपवाला डिझेल भरतो, तो रस्त्याची किंमत आगाऊ मोजतो. मग त्याच रस्त्याने मोडलेल्या सांध्याची किंमत त्याने पुन्हा मोजावयाची. निदान ह्या दुसऱ्या खर्चाची पावती तरी सरकारच्या वहीत असावी, ही मागणी अवास्तव नव्हे.

ह्यास्तव माझी विनंती चार कलमांत मांडतो.

पहिले, मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि स्वयंचलित तपासणी केंद्रांत सांध्यांचा ढिलेपणा पाहणारी यंत्रे असतात. तेथे 'पास' किंवा 'नापास' एवढ्यावर न थांबता बॉल जॉइंट, टाय रॉड, बुश, पाटे ह्यांपैकी काय, किती किलोमीटरवर आणि कोणत्या बनावटीच्या गाडीत झिजले, हे लिहून घ्यावे आणि त्याचा बनावटवार तक्ता मंत्रालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावा. मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक मंजूर झाला आहे. नव्या कार्यालयाच्या नव्या वहीत ह्या रकान्याने आरंभ करणे सोपे जाईल.

दुसरे, वॉरंटीचा दावा नाकारताना अधिकृत कार्यशाळेने कारण लेखी द्यावे आणि मोडलेला भाग मालकास परत करावा. वाद असल्यास तो मोहोरबंद करून पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणी संस्थेकडे रवाना करण्याची मुभा असावी. गोळ्यावरील घासल्याचा पट्टा ओझ्याने पडला, आघाताने पडला की कच्च्या घडणीने, हे सांगणारे जाणकार ह्या राज्यात आहेत.

तिसरे, कलम ११०अ मधील 'अन्य साधन' ह्या तरतुदीखाली तपासणी केंद्रांच्या व कार्यशाळांच्या ह्या नोंदी ग्राह्य धराव्यात, म्हणजे टक्केवारी भरण्यासाठी गरीब मालकाच्या फुरसतीची वाट पाहावी लागणार नाही. आणि तक्रारीचा अर्ज मराठीसह सर्व भाषांत, दूरध्वनीवरूनही, घेतला जावा.

चौथे, एखाद्या टापूतील गाड्यांत अशा बिघाडांची दाटी आढळल्यास ती माहिती त्या टापूतील रस्त्याच्या धन्यास पाठवून मुदतीत खुलासा मागवावा, मग तो धनी आपल्याच मंत्रालयाखालील प्राधिकरण का असेना.

ह्या नोंदींतून उद्या असे निष्पन्न झाले की, दहांतील सहा सांधे आमच्याच हव्यासाने वाहिलेल्या ओझ्याखाली गेले, तर तो निकाल आम्ही मान्य करू, दंड भरू आणि व्यापाऱ्याकडे दुसऱ्या खेपेचे भाडे मागण्यास त्याच निकालाचा आधार घेऊ. दोष रस्त्याचा निघाला तर रस्त्याच्या धन्याने आणि घडणीचा निघाला तर कारखानदाराने तेवढाच मोठेपणा दाखवावा. आज ह्या तिघांपैकी कोणासच काही सिद्ध करावे लागत नाही, आणि म्हणून खर्च नेहमी एकट्या मालकाच्या पदरी येतो. सदर चार कलमांपैकी पहिले तर केवळ एका परिपत्रकाने अंमलात येण्याजोगे आहे. त्याची आज्ञा येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावी, ही विनंती.



आपला नम्र,
मीरा-भाईंदर येथील एक मालवाहू वाहनधारक